ॲक्युपंक्चर आणि मोक्सा शिकायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चिनी वैद्यकातलं ॲक्युपंक्चर शिकू पाहणाऱ्यांकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न अगदी नवख्यांचे आहेत, शेवटचे सुई हातात धरलेल्यांचे. काही उत्तरं पेशंटच्या जिवाशी निगडित आहेत, विशेषतः ११ ते १५. घाईत असाल तरी तेवढी वाचाच.

१. ॲक्युपंक्चर आणि मोक्सा हे वेगवेगळे कोर्स आहेत का?

चीनमध्ये नाहीत. सुई आणि मोक्सा तिथे एकाच विषयात, एकाच विभागात शिकवतात आणि परीक्षाही एकच असते. बिंदू तेच, मार्गिका (ज्या रेषांतून ची, म्हणजे जीवनशक्ती, वाहते असं चिनी वैद्यक मानतं) त्याच. एकात बारीक सुई टोचतात, दुसऱ्यात आर्टेमिसिया जातीच्या झुडपाच्या वाळलेल्या पानांचा कापूस जाळून बिंदूला शेक देतात. युनेस्कोने २०१० मध्ये मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत ही विद्या घेतली, तीही जोडीनेच.

आपल्याकडच्या बऱ्याच वर्गांत मोक्साला शेवटचे एक-दोन तास मिळतात. हे मला अजिबात पटत नाही. थंडीने वाढणारी सांधेदुखी, जुनाट अशक्तपणा, अशा तक्रारींत चिनी वैद्य आधी मोक्साकडे वळतात. ज्याला तो येत नाही, त्याच्याकडे अशा पेशंटसाठी निम्मंच साधन उरतं. फी भरण्याआधी मोक्साचे तास किती आहेत ते विचारा.

२. शिकायला किती वर्षं लागतात? तीन महिन्यांच्या कोर्सवर सुया टोचता येतील का?

चीनमधली ॲक्युपंक्चर, मोक्सा आणि तुइना (चिनी मालिश) यांची पदवी पाच वर्षांची असते. त्यातला शेवटचा काळ रुग्णालयात जातो.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये प्रशिक्षणाबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. ज्यांच्याकडे वैद्यकीय पदवी नाही त्यांच्यासाठी त्यात २५०० तास सांगितले आहेत, आणि त्यातले किमान १००० तास प्रत्यक्ष सरावाचे असावेत असं म्हटलं आहे. डॉक्टरांच्या पूर्ण प्रशिक्षणाला १५०० तास. आपल्या मूळ कामात पूरक म्हणून मोजकंच वापरणाऱ्या डॉक्टरांना निदान २००.

तीन महिन्यांचा शनिवार-रविवारचा वर्ग तासांत मोजून पाहा. त्यात ओळख होते, आवड आहे की नाही ते कळतं. अनोळखी माणसाच्या पाठीत सुई घालण्याइतकी तयारी त्यात होत नाही. का, ते प्रश्न ११ मध्ये आहे.

३. चीनमध्ये शिकायचं तर कुठे जायचं?

१९५६ मध्ये चीन सरकारने पारंपरिक वैद्यकाची पहिली चार महाविद्यालयं काढली: बीजिंग, शांघाय, ग्वांगचौ आणि छंगदू. चारही आता विद्यापीठं आहेत. ॲक्युपंक्चरसाठी नानजिंगचं नाव या चौघांच्या बरोबरीने घ्यावं लागतं. तिथल्या शाळेचे पहिले प्रमुख छंग दानआन (१८९९–१९५७) होते. १८२२ मध्ये तेव्हा चीनवर राज्य करणाऱ्या छिंग घराण्याच्या दरबाराने राजवैद्यकीय संस्थेतून सुई आणि मोक्सा बाद केला होता, पुढे शतकभर ही विद्या खेडोपाडीच्या वैद्यांच्या हाती राहिली. छंग यांनी १९३० च्या दशकात तिला वर्ग आणि पाठ्यक्रम मिळवून दिला, आणि बिंदू शरीररचनेच्या आधारे नेमके सांगायला सुरुवात केली. आज जगभर ज्या पद्धतीने बिंदू शिकवतात, तिच्यावर त्यांची छाप आहे.

परदेशी विद्यार्थ्यांसाठी १९७५ मध्ये बीजिंग, शांघाय आणि नानजिंग इथे आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण केंद्रं सुरू झाली. आधीच डॉक्टर असलेल्यांना तिथले कमी मुदतीचे, इंग्रजीतले वर्ग सोयीचे पडतात.

४. चिनी भाषा यायलाच हवी का?

इंग्रजीतल्या लहान कोर्सला नको, पदवी चिनी माध्यमातून करणार असाल तर हवीच. पण खरी अडचण वर्गात येत नाही, ओपीडीत येते. तिथली म्हातारी मंडळी आपल्या बोलीत तक्रार सांगतात, आणि पेशंटला नेमकं कुठे, कसं, कधी दुखतं हे कळल्याशिवाय चिनी पद्धतीचं निदान पुढे सरकतच नाही. जाण्याआधी वर्षभर भाषेला द्या. बिंदूंची नावं चिनीतच पाठ करा आणि सोबत आंतरराष्ट्रीय क्रमांकही ठेवा. त्सूसानली म्हणजे एसटी ३६, हेगू म्हणजे एलआय ४. इंग्रजी अक्षरं मार्गिकेची (एसटी जठराची, एलआय मोठ्या आतड्याची), आकडा तिच्यावरच्या बिंदूचा. नाव तुमच्या शिक्षकांसाठी, क्रमांक बाकी जगासाठी.

५. ३६१ बिंदू पाठ कसे करायचे?

एकदम ३६१ नसतात. बारा मुख्य मार्गिकांवर ३०९ आणि शरीराच्या मध्यरेषेवरच्या दोन मार्गिकांवर ५२, असा हिशेब आहे. बारा मार्गिका डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना सारख्याच. फुप्फुसाच्या मार्गिकेवर फक्त ११ आणि हृदयाच्या मार्गिकेवर ९ बिंदू आहेत, म्हणून सुरुवात सोपी वाटते. मूत्राशयाच्या मार्गिकेवर ६७ आहेत, तिथे भलेभले अडखळतात. (चीनच्या २००६ च्या राष्ट्रीय मानकात ३६२ दिसतील. भुवयांमधला यिनतांग त्यांनी मार्गिकेवर घेतला आहे. पुस्तक चुकलेलं नाही.)

चिनी विद्यार्थी ओव्या म्हणाव्यात तशी लहान पद्यं घोकतात. सगळ्यात आधी येतं ते चार बिंदूंचं. पोटाला त्सूसानली, कंबर-पाठीला वेइचोंग, डोकं-मानेला लिएच्वे, तोंड-चेहऱ्याला हेगू. पहिल्या आठवड्यात पाठ होतं आणि जन्मभर पुरतं.

घोकण्याबरोबर बोट फिरवा. आंघोळीनंतर स्वतःच्या पायावर रोज एक मार्गिका पेनाने काढा. नडगीची कड कुठे संपते, स्नायू कुठे उभारतो, खळगा कुठे लागतो हे बोटाला कळलं की आकडा आपोआप लक्षात राहतो. उलट दिशेने होत नाही.

६. त्सुन म्हणजे किती सेंटिमीटर? माझी बोटं जाड आहेत, मग माप चुकेल ना?

त्सुन हे बिंदूची जागा आणि सुईची खोली मोजायचं चिनी माप आहे, पण सेंटिमीटरमध्ये ते ठरलेलं नाही. त्सुन ज्याच्या त्याच्या शरीराचा असतो, आणि मोजायचा तो पेशंटचा. पेशंटच्या अंगठ्याच्या पेराची रुंदी एक त्सुन, जुळवलेल्या चार बोटांची रुंदी तीन. तुमची बोटं जाड असतील तर पेशंटच्या बोटांशी एकदा ताडून पाहा आणि फरक धरून चाला.

याहून भरवशाची रीत म्हणजे अवयवाचे ठरलेले भाग करायचे. कोपराच्या घडीपासून मनगटाच्या घडीपर्यंत हात कितीही लांब असो, १२ त्सुन. नेइगुआन (पीसी ६) मनगटाच्या घडीच्या वर दोन त्सुन, म्हणजे त्या अंतराचा सहावा भाग, दोन कंडरांच्या (स्नायूंच्या दोऱ्यांच्या) मधोमध. लहान मुलाचा हात असो की पैलवानाचा, हिशेब जमतो.

७. सुई हातात कधी मिळते? आधी सराव कशावर करतात?

कागदावर. मऊ कागदाच्या घड्या घालून साधारण आठ सेंटिमीटर लांब, पाच रुंद आणि दोन-तीन जाड असा गठ्ठा करतात आणि दोऱ्याने आडवा-उभा आवळून बांधतात. त्यावर सुई उभी धरायची आणि अंगठा-तर्जनी पुढेमागे फिरवत आत न्यायची. पहिल्या दिवशी सुई वाकते, बोटं घामेजतात, गठ्ठा हलतो. जोर खांद्यातून येत असेल तर सुई वाकणारच, तो बोटांच्या टोकांत आणायचा असतो. गठ्ठ्यातून सुई सरळ, न थांबता पार जायला लागली की कापडात गुंडाळलेला कापसाचा गोळा मिळतो. त्यावर वर-खाली करणं आणि फिरवणं शिकायचं. त्यानंतर स्वतःचा पाय, मग सोबतच्या विद्यार्थ्याचा.

आपल्याकडे प्लास्टिकच्या नळीतून सुई टिचकीने बसवतात. ती नळी जपानची देणगी, सतराव्या शतकातल्या सुगियामा वाइची या अंध वैद्यांची. सोपी आहे, दुखतही कमी. तरी नळीशिवाय टोचायला शिका, कारण त्वचेखाली सुईला काय लागतंय हे नळीविना हाताला लवकर कळतं.

सुरुवातीला ०.२५ मिमी जाडीच्या, २५ आणि ४० मिमी लांबीच्या सुया पुरतात. एका सुईचा वापर एकदाच, सरावातसुद्धा. वापरलेली सुई पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यात जाते, केराच्या टोपलीत कधीच नाही.

८. 'द ची' म्हणजे नेमकं काय? पेशंटला काहीच जाणवलं नाही तर?

सुई योग्य खोलीला पोचली की पेशंटला दुखऱ्या जागी बोट दाबल्यासारखं, जड किंवा तणावल्यासारखं वाटतं. तुमच्या बोटांना सुई किंचित धरली गेल्यासारखी लागते. चिनी वैद्य याला ची आली असं म्हणतात. चटका किंवा विजेसारखी झिणझिणी म्हणजे द ची नव्हे. सुई नसेजवळ गेली असण्याची शक्यता जास्त. थोडी मागे घ्या, दिशा बदला.

काहीच जाणवलं नाही तर आधी जागा तपासा, मग कोन, मग खोली. वयस्क आणि अशक्त पेशंटमध्ये वेळ लागतो, सुई ठेवून काही मिनिटं थांबावं. ढोसत राहू नये.

९. परीक्षा कशी होते?

लेखी, तोंडी आणि जिवंत माणसावर बिंदू दाखवण्याची. तिसरी सगळ्यात कठीण. सोंग राजवटीत वांग वेइयी या वैद्याच्या देखरेखीखाली १०२७ मध्ये मापाने माणसाएवढे दोन पोकळ कांस्यपुतळे ओतले गेले, बिंदूंच्या जागी भोकं ठेवून. परीक्षेच्या वेळी पुतळ्याला बाहेरून मेण लावत आणि आत पाणी भरत, असं जुन्या नोंदी सांगतात. सुई बरोबर जागी गेली तर पाणी बाहेर येई. आता पुतळ्याच्या जागी वर्गमित्र झोपतो आणि परीक्षक बिंदूचं नाव घेतो. पाच मिमी चुकलात तरी गुण जातात.

१०. मोक्सा कसा शिकवतात?

आधी माल ओळखायला. वाळलेली पानं कुटून, चाळून देठ-शिरांची भुकटी काढून टाकली की लोकरीसारखा पिवळसर कापूस उरतो. जितक्या वेळा चाळला तितका तो मऊ. मऊ, जुना मोक्सा सौम्य जळतो. ताजा, भुकटी राहिलेला मोक्सा तडतडतो, ठिणगी उडवतो आणि भाजतो. हुबेई प्रांतातलं छीछुन या पानांसाठी नावाजलेलं आहे. प्रख्यात वनस्पतीज्ञ ली शिझेन (१५१८–१५९३) तिथलेच.

पुढे शंकू वळणं. चिमूटभर कापूस पाटावर ठेवून अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाने दाबत फिरवायचा. बूड सपाट, टोक निमुळतं, अंग घट्ट. सैल शंकू कलंडतो आणि पेटता खाली पडतो. गव्हाच्या दाण्याएवढ्यापासून सुरुवात करून अर्ध्या बोरापर्यंत वेगवेगळे आकार वळायला लावतात. शंकू सहसा आल्याच्या चकतीवर ठेवतात. चकतीला सुईने भोकं पाडायची असतात, नाहीतर ऊब खाली उतरत नाही. बेंबीवर (शनच्वे, जिथे सुई वर्ज्य आहे) मीठ भरून वर शंकू ठेवतात.

नवख्यांनी कांडीने (कागदात गुंडाळलेल्या मोक्साने) शिकावं. पेटती कांडी त्वचेपासून दोन-तीन सेंटिमीटरवर, दहा ते पंधरा मिनिटं, त्वचा गुलाबी होईपर्यंत. दुसऱ्या हाताची दोन बोटं बिंदूच्या दोन्ही बाजूंना टेकवून ठेवा, ऊब किती पोचते ते पेशंटने सांगायच्या आधी तुम्हाला कळेल. खिडकी उघडी ठेवा, धूर भरपूर होतो. विझवताना कांडी वाळूत खुपसा, वरून विझलेली दिसली तरी आत धुमसत असते.

मोक्साऐवजी दवणा चालेल का? हा प्रश्न कोल्हापूर-साताऱ्याकडून हमखास येतो. जोतिबाला वाहतो तो दवणाही आर्टेमिसियाच, पण जात वेगळी आहे. त्याची पानं बारीक चिरलेली असतात, मोक्साच्या पानांसारखा दाट लोकरीचा कापूस त्यातून निघत नाही. शेकासाठी तो वापरू नका.

११. सुईने खरंच काही गंभीर होऊ शकतं का?

होऊ शकतं, आणि ते टाळणं हाच या शिक्षणाचा सगळ्यात मोठा भाग आहे. सर्वांत जास्त जपायचं ते फुप्फुस. खांद्यावरचा जिआनजिंग (जीबी २१), पाठीवरचा फेइशू (बीएल १३) आणि छाती-पाठीवरचे इतर बिंदू यांच्याखाली फुप्फुस फार जवळ असतं. सुई खोल गेली तर छातीत हवा भरून फुप्फुस आकसतं. लक्षणं लगेच येतीलच असं नाही, पेशंट घरी गेल्यावर दम लागू शकतो. चिनी शिक्षक विद्यार्थ्यांकडून घोकून घेतात की पोट विहिरीसारखं, पाठ भाकरीसारखी. पोटावर वाव असतो, पाठीवर नसतो. फेइशूला सुई तिरकी, ०.५ ते ०.८ त्सुन, त्याहून पुढे नाही. बारीक माणसात आणखी कमी.

दुसरी जागा मान. फंगची (जीबी २०) टोचताना सुईचं टोक नाकाच्या शेंड्याकडे ठेवतात. आत-वर वळवून खोल गेलात तर तिथे मेंदूला मज्जारज्जूशी जोडणारा भाग (मेड्युला) आहे.

टोचल्यावर छातीत दुखलं, कोरडा खोकला आला किंवा धाप लागली, तर पेशंटला तडक रुग्णालयात पाठवा आणि कुठे टोचलं ते लिहून सोबत द्या.

१२. पेशंटला चक्कर आली किंवा सुई अडकली तर?

चक्कर: सगळ्या सुया काढा, उताणं झोपवा, पाय उंच करा, शुद्धीवर असेल तर गरम गोड पाणी द्या. पहिल्या खेपेला पेशंटला बसवून नव्हे तर झोपवून टोचा, आणि उपाशीपोटी टोचू नका. बरेचसे प्रसंग एवढ्याने टळतात.

सुई अडकली तर ओढू नका. स्नायू आवळलेला असतो. पेशंटला बोलतं करा, आजूबाजूला बोटाने हलके थोपटा, थोडं थांबा. नाहीच सुटली तर जवळ एक सुई उथळ टोचल्यावर बहुधा सुटते.

१३. मधुमेहाच्या पेशंटला मोक्सा द्यावा का?

पायाची संवेदना तपासल्याशिवाय देऊ नये. मोक्साचा सगळा भरवसा पेशंटच्या "आता चटका बसतोय" या शब्दावर असतो. मधुमेहाने पाय बधिर झाले असतील तर तो शब्द येतच नाही, भाजतं, आणि ती जखम भरत नाही. अशा पायावर मोक्सा नको. लकवा झालेली बाजू आणि तान्ही मुलं यांच्याबाबतही तुमच्या बोटांनी ऊब मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका.

१४. मोक्साने फोड आला, हे चांगलं लक्षण म्हणतात. खरं का?

जुन्या चिनी परंपरेत शंकू थेट त्वचेवर जाळून मुद्दाम फोड आणि व्रण करण्याची पद्धत आहे. ती आजही मोजक्या ठिकाणी, पेशंटची संमती घेऊन, जखमेची आठवड्यांची देखभाल ठरवून करतात. तुमच्या कांडीने आलेला फोड त्यात मोडत नाही. ते भाजणं आहे. लहान असेल तर फोडू नका, झाकून ठेवा, मोठा असेल तर डॉक्टरांना दाखवा, आणि पेशंटला खरं काय झालं ते सांगा.

१५. गर्भवतीला हेगू आणि सानयिनजिआओ वर्ज्य, मग पायाळू बाळासाठी करंगळीवर मोक्सा कसा देतात?

दोन्ही खरं आहे. हेगू (एलआय ४), सानयिनजिआओ (एसपी ६), खुनलुन (बीएल ६०) आणि झियिन (बीएल ६७) हे बिंदू गर्भारपणात टोचू नयेत असं पाठ्यपुस्तकं सांगतात. पायाळू बाळासाठी त्यातल्याच झियिनवर, पायाच्या करंगळीच्या नखाच्या बाहेरच्या कोपऱ्यापाशी, मोक्साची ऊब देतात. सुई नाही. हे सातव्या-आठव्या महिन्यानंतर, सोनोग्राफीत बाळाची स्थिती पाहिल्यावर आणि प्रसूतितज्ज्ञांच्या होकारानेच करायचं. आधी सिझेरियन झालेलं असेल, जुळं असेल, वार (प्लासेंटा) खाली असेल, रक्तस्राव असेल तर करू नये. बाळ वळेल याची हमी कोणाला देऊ नका.

१६. याला शास्त्रीय पुरावा आहे का?

दुखण्यांबाबत बऱ्यापैकी आहे, आणि तो गुंतागुंतीचा आहे. जर्मनीत जुनाट कंबरदुखीच्या ११६२ पेशंटवर झालेला अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सुईने ४७.६ टक्के लोकांना गुण आला, नेहमीच्या उपचारांनी २७.४ टक्के. पण चुकीच्या जागी, वरवर टोचलेल्या सुईनेही ४४.२ टक्के लोकांना गुण आला. म्हणजे सुईचा उपयोग दिसतो, नेमक्या बिंदूचा वेगळा फायदा मात्र त्यात जेमतेम दिसतो. ब्रिटनमध्ये उपचारांच्या शिफारशी ठरवणाऱ्या नाइस या संस्थेने २०१६ मध्ये कंबरदुखीच्या शिफारशींतून ॲक्युपंक्चर वगळलं आणि २०२१ मध्ये जुनाट प्राथमिक वेदनेसाठी त्याचा विचार करावा असं म्हटलं.

ची आणि मार्गिका या चिनी वैद्यकाच्या विचारपद्धती आहेत. विच्छेदनात त्या सापडत नाहीत, हे तुमच्या विद्यार्थ्यांना आणि पेशंटना मोकळेपणाने सांगा. कर्करोग बरा करतो, इन्सुलिन बंद करतो असं सांगणाऱ्या वर्गात पाऊल टाकू नका.

१७. चीनची पदवी घेऊन आलो तर महाराष्ट्रात प्रॅक्टिस करता येईल?

त्या पदवीवर इथे ॲलोपॅथीची नोंदणी मिळत नाही, हे आधी पक्कं समजा. तिच्या जोरावर औषधं लिहून देता येत नाहीत. ॲक्युपंक्चरसाठी मात्र महाराष्ट्रात स्वतंत्र कायदा आहे, २०१५ चा, आणि त्याखाली परिषद आहे. केंद्र सरकारनेही २०१९ मध्ये ॲक्युपंक्चरला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. चीनला निघण्यापूर्वी परिषदेकडून आपला कोर्स मानला जाईल का, हे लेखी विचारून घ्या. ऑस्ट्रेलियात जाणार असाल तर तिथे २०१२ पासून चिनी वैद्यकाची राष्ट्रीय नोंदणी आहे, अमेरिकेत राज्यानुसार परवाना लागतो.

भारतात ही विद्या आणणाऱ्यांत डॉ. बिजय कुमार बसू यांचं नाव पहिलं. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्याच पथकात बसू होते. कोटणीस १९४२ मध्ये तिथेच वारले. बसू पुढे १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला जाऊन ॲक्युपंक्चर शिकले आणि कोलकात्यात ते सुरू केलं.

१८. पेशंट रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेतो, किंवा पेसमेकर आहे. टोचायचं का?

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर बारीक, उथळ सुई आणि काढल्यावर नेहमीपेक्षा जास्त वेळ दाब. खोल बिंदू आणि मोठ्या रक्तवाहिन्यांजवळचे बिंदू सोडा. गोळी बंद करायला तुम्ही सांगायचं नाही, ते काम ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांचं. रक्त गोठण्याचा आजार असेल तर त्यांच्याशी बोलल्याशिवाय सुई नाहीच.

पेसमेकर असेल तर साधी सुई चालते, सुईला वीज जोडायची (इलेक्ट्रो-ॲक्युपंक्चर) नाही. छातीवर, यंत्राच्या जागेजवळ साधी सुईसुद्धा नको. पेशंट अनेकदा पेसमेकरचं सांगायला विसरतात, तेव्हा पहिल्या भेटीच्या फॉर्मवर तो प्रश्न वेगळा छापून घ्या आणि वीज जोडण्याआधी तोंडी पुन्हा विचारा.